वासुदेव गुरुजी आणि चाकातली हवा

माझ्या नावापुढे आज बी.एस्सी. लागतं, त्याचं श्रेय आईवडिलांनंतर एकाच माणसाला द्यायचं आहे. वाईचे वासुदेव गुरुजी. ते नसते तर मी आज मुंबईत वडिलांच्या जागी उभा राहून गोण्या उचलत असतो.

ज्याचे एवढे उपकार, तो माणूस समजायला सोपा असावा असं आपल्याला वाटतं. गुरुजी सोपे नाहीत. व्यवसायाने ते भिक्षुक. लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण, सगळं करतात. पण कोणी नवी गाडी पूजेला आणली, तर चाकातली हवा मोजल्याशिवाय ते देवाचंही नाव घेत नाहीत.

भुईंजकडचे एक कदम म्हणून शेतकरी होते. सुट्टीवर आलेल्या फौजी मुलाने घेतलेली नवीकोरी मोटरसायकल घेऊन ते सहकुटुंब गुरुजींच्या दारात आले. गाडीला झेंडूचा हार, बायकांच्या हातात आरतीचं ताट. मुलगा गाडीवर बसून तयार. कदमांनी चाकाखाली ठेवायला लिंबू काढलं.

“थांबा. लिंबू ठेवू नका,” गुरुजी म्हणाले.

“का वो?”

गुरुजींनी पिशवीत हात घातला. सुपाऱ्या, जानवी, कुंकवाची पुडी असं सगळं बाजूला सारत त्यांनी हवा मोजायचा गेज बाहेर काढला आणि धोतर सावरत पुढच्या चाकाशी उकिडवे बसले.

“छत्तीस! पुढच्या चाकात छत्तीस! शोरूमवाल्यांनी चाक दिलंय की दगड?”

“आवं, नवी हाय की गाडी.”

“नवी आहे म्हणून काय झालं? नव्या जावयाला कोणी घशाशी येईपर्यंत वाढतं का?”

“वाढत्यात की!” कदम प्रामाणिकपणे म्हणाले.

गुरुजींनी हवा सोडायला सुरुवात केली. फुस्स आवाज झाला तशी कदमांच्या मंडळींनी तोंडाला पदर लावला. नव्या गाडीतून पूजेआधीच काहीतरी निघून चाललेलं त्यांना बघवेना.

“गुरुजी, मुहूर्त टळंल!”

“मुहूर्ताचं मी बघतो. तो माझ्या हातातला आहे, हवा नाही. लिंबू फुटलं पाहिजे कदम, चाक नाही.”

मग लिंबू ठेवलं, ते फुटलं, नारळ वाढवला. जाताना गुरुजींनी त्या फौजी मुलाला आशीर्वाद दिला, “पुढे पंचवीस, मागे तेहतीस. दर सोमवारी बघत जा.” मुलाने टाचा जुळवून “जी साब” म्हटलं.

गुरुजींची स्वतःची मोटरसायकल जुनी, पण तिच्या टाकीत चेहरा दिसेल अशी. तिच्यावर बसलेले गुरुजी बघण्यासारखे. धोतराचा काचा मारलेला, उपरणं पोटाला घट्ट बांधलेलं, हँडलला पूजेची पिशवी, आणि हेल्मेटच्या मागून शेंडीचं टोक बाहेर. या थाटात ते वाई, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर असे फिरत. वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याशी त्यांचं एकदा तरी भांडण झालेलं होतं.

“पुढं तीस, मागं चाळीस मारू का?” हवावाला विचारायचा.

“मारू नकोस. भर,” गुरुजी म्हणायचे, “आणि मी सांगतो तेवढीच भर.”

साखळीच्या झाकणावर कंपनीने लिहिलेलं असतं. एकटा माणूस असेल तर मागच्या चाकात एकोणतीस, दोघं असतील तर तेहतीस. गुरुजी एकटेच असले तरी तेहतीस ठेवायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “वाटेत कोणी भेटलं तर?”

मी माण तालुक्यातला. दहिवडीच्या पुढे आमची वस्ती. वडील मुंबईला, आई शेळ्यांमागे. गावातल्या मास्तरांच्या ओळखीने वाईच्या कॉलेजात आलो आणि गुरुजींच्या माडीवरच्या खोलीत राहायला लागलो. त्यांची लेक मेधाताई लग्न होऊन सांगलीला गेलेली. घरात गुरुजी आणि काकू. काकू मला दोन वेळा जेवायला वाढायच्या आणि गुरुजींना म्हणायच्या, “अहो, त्या पोराला हवेचं सांगू नका. त्याची उद्या परीक्षा आहे.”

दुसऱ्या वर्षी वडिलांच्या कमरेत उसण भरली ती निघेना. आता आपणच मुंबईला जायचं असं मी ठरवलं. ट्रंक भरली आणि गुरुजींच्या पाया पडायला खाली आलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाहेर जाऊन दोन्ही चाकांतली हवा मोजली आणि म्हणाले, “बस मागे.”

मला वाटलं, स्टँडवर सोडतायत. स्टँड मागे गेला. सातारा गेलं, कोरेगाव गेलं, पुसेगाव गेलं. मी विचारलं तर हेल्मेटमुळे त्यांना ऐकू येत नव्हतं. निदान तसं त्यांनी दाखवलं. दुपारी गाडी आमच्या वस्तीवर, शेळ्यांच्या वाड्यासमोर जाऊन थांबली.

आई गडबडली. दारात प्रत्यक्ष गुरुजी. तिने घोंगडं झटकून टाकलं आणि लांबूनच विचारलं, “आवं गुरुजी, आमच्यातला च्या तरी चालंल का तुमास्नी?”

“चहा नको. भाकरी असेल तर वाढा,” गुरुजी म्हणाले. “आणि हे बघा, हा मुंबईला जाणार असेल तर याच्याऐवजी मी इथं राहतो. मला शेळ्या वळता येत नाहीत, पण शिकेन.”

आईला वाटलं थट्टा चाललीय. पण गुरुजींनी खरंच पिशवी खुंटीला अडकवली. भाकरीवर खर्डा घेऊन खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी आणखी एक भाकरी मागितली. मग उठून एका शेळीला “चल गं” म्हणाले. शेळी त्यांच्याकडे बघत उभी राहिली. त्यांनी पुन्हा, जरा अदबीने, “चला” म्हटलं.

आईला हसू आवरेना. हसता हसता तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “जा रं माघारी. ह्या देवमाणसाला शेरडं वळायला लावतोस व्हय?”

मी परत गेलो. पदवीधर झालो. साताऱ्याला माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तोवर काकू गेल्या होत्या. पहिल्या पगारात आईला लुगडं घेतलं, आणि गुरुजींना काय घ्यावं याचा मला फार विचार करावा लागला नाही.

टीपीएमएस नावाचं एक यंत्र मिळतं. दोन छोट्या टोप्या असतात. चाकात हवा भरायच्या तोंडावर, म्हणजे व्हॉल्व्हवर, त्या फिरवून बसवायच्या. एक पुढच्या चाकाला, एक मागच्या. हँडलवर काडेपेटीएवढा स्क्रीन. चालता चालता दोन्ही चाकांतली हवा आकड्यांत दिसते, आणि कमी झाली की शिट्टी वाजते.

“म्हणजे चाक स्वतःच सांगणार?” गुरुजींनी विचारलं.

“हो.”

“दिवसरात्र?”

“दिवसरात्र, गुरुजी.”

ते बराच वेळ टोपी तळहातावर घेऊन बसले. मग पंचांग काढलं. टोप्या बसवायला गुरुवारचा मुहूर्त निघाला.

त्यानंतर हा स्क्रीन गुरुजींच्या संसारातला एक माणूस झाला. कोणी चोरेल म्हणून ते तो हँडलवर ठेवत नसत. गाडी थांबली की काढून पूजेच्या पिशवीत, आणि मी मागे असलो तर माझ्या खिशात. पण गाडी जवळ उभी असली की तो पिशवीतूनही बोलायचा. रहिमतपूरला एका घरी सत्यनारायण होता. गाडी खिडकीखाली. कथा ऐन रंगात आली असताना पिशवीतून शिट्ट्या सुरू झाल्या.

“सगळ्यांनी हात जोडा, डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत,” असं म्हणून गुरुजी सोवळ्यानिशी बाहेर गेले. परत आले तेव्हा मागे दोन पोरं मान खाली घालून उभी होती. मागच्या चाकाची टोपी पिरगाळून बघत होती.

“हं, उघडा डोळे. कुठे होतो आपण?”

घरातल्या म्हाताऱ्या आजींनी हात जोडलेलेच ठेवून विचारलं, “गुरुजी, द्येव आला व्हता का?”

“देव नाही हो, तुमचे नातू.”

उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा. ऊन तापलं, चाक तापलं की हवा फुगते आणि आकडा चढतो. गुरुजी प्रत्येक झाडाखाली थांबून हवा सोडायचे. संध्याकाळी चाक गार झालं की आकडा पडायचा. मग पंप शोधून पुन्हा भरायची. मी त्यांना वायूचं प्रसरण समजावून सांगितलं. आकृतीही काढून दाखवली.

“तुझं विज्ञान मला मान्य आहे,” गुरुजी म्हणाले, “पण तेहतीसचे छत्तीस झालेले दिसले की माझा हात राहत नाही.”

मेधाताईला मात्र या सगळ्याची काळजी लागली होती. तिचा रोज संध्याकाळी फोन यायचा, आणि गुरुजींना फोन कानाला लावता येत नसल्याने तो सगळ्या आळीला ऐकू जायचा.

“बाबा, गाडी विका आणि इकडे या. सत्तरीला आलात. एकटे असता. वाटेत कुठे काही झालं तर?”

“काही होत नाही. हवा बरोबर आहे.”

“मी हवेचं विचारत नाहीये!”

“मग कशाचं विचारतेस? गाडीला बाकी काही झालेलं नाही.”

असं वर्षभर चाललं. शेवटी एकदा गुरुजी चिडून म्हणाले, “दसऱ्याला मी मोटरसायकलवरून सांगलीला येतो. गाडी धड पोचली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी माझ्या घरी, माझ्या गाडीवर. आणि वाटेत बंद पडली, चाक बसलं, काहीही झालं, तर किल्ली तुझ्या हातात. मग मीही तिथंच राहीन.”

“कबूल. पण संपतला मागे बसवून आणा. तुम्ही काहीही सांगाल. तो खोटं बोलत नाही.”

अशा रीतीने मी साक्षीदार झालो. गुरुजी जिंकावेत असंच मला वाटत होतं. गाडीशिवाय गुरुजी ही कल्पनाच मला करता येत नव्हती.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं आणि यंत्रं पूजेला लावतात. गुरुजींनी पळी-पंचपात्र, अडकित्ता, हवेचा गेज आणि चाकांच्या दोन्ही टोप्या काढून ताम्हनात मांडल्या. टोप्यांना गंध, हळद, कुंकू, वर एकेक शेवंतीचं फूल. दसऱ्याला पहाटे टोप्या परत बसवल्या. गेज मात्र उचलला नाही. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याची संध्याकाळ झाल्याशिवाय हलवायचं नसतं. टोप्यांना प्रवासापुरती सूट होती.

आम्ही निघालो आणि पहिल्याच वळणावर गुरुजींनी गाडी थांबवली. स्क्रीनवर पुढे तेहतीस आणि मागे पंचवीस.

“उलटं कसं झालं?” ते म्हणाले आणि पुढच्या चाकातली थोडी हवा सोडली. पुढचा आकडा हलला नाही. मागचा खाली आला.



साताऱ्याच्या पंपावर त्यांनी मागच्या चाकात हवा भरायला लावली. स्क्रीनवर पुढचा आकडा चढला.

“आजोबा, आमचं मशीन बरोबर हाय,” हवावाला म्हणाला.

“तुमच्या मशीनवर माझा कधीच विश्वास नव्हता,” गुरुजी म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “संपत, तू शिकलेला. पुढची सोडली की मागची कमी कशी होते?”

मी उताराचं, वजनाचं आणि सकाळच्या गारव्याचं असं काहीतरी एकत्र करून सांगितलं. सांगताना ते मलाही पटत होतं. हवावाल्याने पण मान डोलावली. उंब्रजपर्यंत आम्ही अशी आणखी दोनदा सोडसोड आणि भरभर केली. शेवटी कराडच्या अलीकडे एका झाडाखाली गुरुजींनी पुढच्या टोपीवरचं कुंकू उपरण्याने पुसलं. खाली बारीक ‘R’ होतं, म्हणजे रिअर, मागचं. मागच्या चाकाची टोपी पुढे बसली होती आणि पुढच्याची मागे.

गुरुजी हसत सुटले. इतके हसले की त्यांना दगडावर बसावं लागलं. “काय रे संपत, आणि तू मला उताराचं सांगत होतास!”

टोप्यांची अदलाबदल केली. पुढच्या पंपावर हवा नीट भरली. पुढे पंचवीस, मागे तेहतीस. त्यानंतर इस्लामपूर मागे पडलं तरी आकडा हलला नाही. मी मनातल्या मनात ताईचा हट्ट मोडीत काढला होता.

आष्ट्याला चहा घेतला.

“जिंकलात, गुरुजी,” मी म्हणालो.

“हं.”

“परत कधी निघायचं?”

“उद्या सकाळी. नाहीतर जेवून दुपारी.” त्यांनी बशीतला चहा संपवला. “वाईला पोचायला संध्याकाळ होईल. मग कुलूप काढायचं. आपणच लावलेलं, आपणच काढायचं.” आणि लगेच चहावाल्याला म्हणाले, “चांगला केला होतास हो चहा.”

पुढे ते गाडी एरवीपेक्षा फार हळू चालवत होते. सांगलीवाडीला, कृष्णेवरचा पूल यायच्या आधी, त्यांनी गाडी रस्त्याकडेला घेतली.

“समोरून पेढे घेऊन ये. सणाला लेकीकडे रिकाम्या हाताने जाऊ नये.”

त्यांनी सवयीने स्क्रीन काढून माझ्या हातात दिला, मी खिशात टाकला आणि रस्ता ओलांडून दुकानात गेलो. गर्दी होती. मी पेढे मागत होतो, एवढ्यात खिशातून शिट्टी वाजली. बघतो तर मागच्या चाकात सत्तावीस. मग तेवीस. मग अठरा. शेवटच्या क्षणी खिळा लागला असं वाटून मी ओरडायला वळलो.

रस्त्यापलीकडे गुरुजी मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. दोन बोटांनी टोपी सैल करून हवा सोडत होते. तोंड मात्र दुसरीकडे, नदीच्या बाजूला वळवलेलं. या माणसाने हवेसाठी निम्म्या सातारा जिल्ह्याशी भांडण काढलं होतं.

मी स्क्रीन बंद केला. दुकानदाराला म्हटलं, “जरा कागद बदलून बांधा. आणि घाई नाही, बाकीच्यांचं उरका.”

परत आलो तेव्हा गुरुजी उभे राहून उपरण्याला हात पुसत होते.

“अरे संपत, बघ! बसलं की चाक!” गुरुजींना शेकडो मंत्र पाठ आहेत, पण खोटं बोलणं त्यांना अजिबात येत नाही. आवाज नको तेवढा मोठा झाला होता. “खिळा असेल, नाही?”

“असेल, गुरुजी.”

“काढून बघायचं का?”

“नको. आता कशाला?”

पुलावरून आम्ही गाडी ढकलत निघालो. ते हँडल धरून पुढे, मी मागून जोर लावत. वाईहून निघालेली कृष्णा आमच्या आधीच तिथे येऊन पोचली होती. ढकलताना गुरुजींना धाप लागली होती, पण आष्ट्यापेक्षा चेहरा बरा दिसत होता.

ताई गॅलरीतच उभी होती. आम्हाला ढकलत येताना बघून ती धावत खाली आली.

“हरलात, बाबा!”

“हरलो बाई.” गुरुजींनी आपट्याच्या पानांबरोबर किल्ली तिच्या हातात ठेवली.

ताईने माझ्याकडे रोखून बघितलं. “संपत, तू खरं सांग. काय झालं?”

गुरुजी आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होते.

“चाक बसलं, ताई,” मी म्हणालो.

तिने किल्ली मुठीत धरली आणि गुरुजींच्या पाया पडायला वाकली ती लवकर उठली नाही. गुरुजींनी पाय धुतले, घरात गेले, आणि एखाद्या नव्या पाहुण्यासारखं दबकत जावयांना विचारलं, “माझी पिशवी कुठे ठेवू?”

ताईकडून किल्ली घेऊन, चाकात हवा भरून गाडी मी साताऱ्याला घेऊन आलो. नंतर त्यांना पत्र लिहिलं, ते असं:

तीर्थस्वरूप गुरुजींच्या चरणी साष्टांग नमस्कार.

पत्र अशासाठी लिहितो की तुमच्या फोनवरचं सगळं ताई ऐकतात. गाडी माझ्याकडे सुखरूप आहे. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून दोनदा बघितली, त्याला काही सापडलं नाही. तो तिसऱ्यांदा बघणार होता, मी नको म्हटलं. स्क्रीन त्या दिवशी माझ्या खिशात होता, एवढंच तुम्हाला कळवून ठेवतो. याला उत्तर पाठवू नये. ताईंना मी जे सांगितलं ते खरंच होतं.

रविवारी वाईला जाऊन खिडक्या उघडल्या. तुळशीला पाणी घातलं. शेजारचे विचारत होते, गुरुजी परत कधी येणार? मी म्हटलं, त्यांच्या लेकीला विचारा.

ताई सांगत होत्या की तुम्ही संध्याकाळी खाली उतरून सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांची चाकं अंगठ्याने दाबून बघता, म्हणून वॉचमन तुमच्यावर नजर ठेवून असतो. त्याचीही सायकल बघावी. तो विरघळेल.

दिवाळीला मी गाडी घेऊन येतो. ताईंशी बोलून झालं आहे. पहाटे रस्ता मोकळा असतो तेव्हा पूल ओलांडून सांगलीवाडीपर्यंत आणि परत, एवढं चालवायला त्यांची हरकत नाही. मात्र मागे कोणीतरी बसलेलं हवं. मी म्हटलं, मी बसेन. तर म्हणाल्या, “तू कशाला? मी लहान असताना बाबांच्या मागे बसूनच शाळेत जायची.”

तेव्हा तयार राहावे.

आपला,
संपत